तुमचं झालं की मला

विल्फ्रेड गारसाइड हे आयुष्यभर विद्यापीठात संगीत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी निवर्तल्यानंतर यॉर्कमधील आपल्या घराचा तळमजला तेवढा त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि वरच्या खोल्या संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या. हिवाळ्यात रात्रीची जेवणे आटोपली की ही मुले चहाच्या निमित्ताने खाली त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. वर थंडी फार, आणि खाली बिस्किटांचा डबा.

अशाच एका रात्री कॅलमने नेलच्या हातातील वर्तमानपत्राकडे बोट दाखवले. "तुझं झालं की मला."

"जरूर," नेल मान वर न करता म्हणाली.

गारसाइडांनी किटली खाली ठेवली. "नेल, 'जरूर' म्हणण्याआधी मागतंय कोण, ते बघत जा."

"कॅलम मागतोय, विल्फ! दुसरं कोण? जन्मात स्वतः पेपर विकत घेतलेला नाही त्यानं."

"मला नुसतं कोडं सोडवायचंय," कॅलम म्हणाला. "जगाच्या बातम्या तूच ठेव."

दोघेही हसले. गारसाइड हसले नाहीत.

"तुमच्या आधी इथे हेस्टर क्राउदर राहायची. तीही अशीच न बघता 'जरूर' म्हणाली. नाही, चुकलो. चांगलं बघून म्हणाली, मनापासून म्हणाली. तेच तर वाईट झालं."

त्यांनी सर्वांना चहा ओतला आणि ती हकीकत सांगितली. काही भाग त्यांनी स्वतः पाहिलेला होता; उरलेला हेस्टरने त्याच टेबलाशी बसून त्यांना सांगितलेला.

हेस्टर ही हडर्सफील्डच्या एका बसचालकाची मुलगी. हुशार, कष्टाळू आणि मुकाट. तिच्या शेजारच्या खोलीत फिलिपा सँडिस राहत असे. दोघींचे मार्गदर्शक एकच, प्राध्यापक लायल. विषयही जवळजवळ एकच. फिलिपाने हेस्टरचे कधी काही वाईट केले नव्हते, आणि नेमके हेच हेस्टरला सोसत नसे. फिलिपाचा स्वेटर जुना झाला की तो हेस्टरला मिळे, आणि तो तिला शोभूनही दिसे. अभ्यासिकेतले खिडकीजवळचे टेबल फिलिपाचे. ती गावाला गेली की हेस्टरचे. पाहुण्यांशी ओळख करून देताना लायल म्हणत, "ही फिलिपा. आणि हो, ही हेस्टर." त्या 'आणि हो'ने हेस्टरचा दर वेळी जळफळाट होई. चेहऱ्यावर मात्र ती कधी रेषही हलू देत नसे.

वेल्सच्या सीमेजवळ थॉर्नमिन्स्टर नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात चारशे वर्षांपूर्वीच्या एका प्रार्थनागीताच्या वह्या आहेत. गीत सहा गळ्यांचे. त्या काळी प्रत्येक गायकाची वही वेगळी असे, आणि तीत त्याच्याच आवाजाचे स्वर लिहिलेले असत. सहा वह्यांपैकी पाच उरल्या. एक केव्हाच नाहीशी झाली. त्या पाच आवाजांवरून सहावा कसा असेल ते ताडायचे, हे काम कुणाला साधलेले नव्हते. ज्याला साधेल त्याचे नाव त्या गीताशी कायमचे जोडले जाणार होते.

वह्या एका वेळी एकालाच पाहायला मिळत. त्या नोव्हेंबरातला एक आठवडा फिलिपाने मागून घेतला होता. ती तापाने अंथरुणाला खिळली आणि तिने हेस्टरला हाक मारली.

"हेस, तू जा बाई. आठवडा फुकट कशाला घालवायचा? सोमवारी मी उठतेच, मग पुढचं बघू."

म्हणजे ही संधीदेखील फिलिपाची उतरलेलीच. तरी हेस्टर गेली. दोनदा गाडी बदलून आणि शेवटी बस पकडून ती थॉर्नमिन्स्टरला उतरली, तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती: सोमवारच्या आत सहावा आवाज आपल्याला सापडला पाहिजे. आपल्याला, फिलिपाला नव्हे.

ग्रंथालय कॅथीड्रलच्या ओवरीवर, दगडी जिना चढून. दाराशी मिस प्रोबर्ट नावाची कडक बाई बसलेली असे.

"कोट बाहेर. पाण्याची बाटली बाहेर. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. शिंक येणार असेल तर तीही बाहेर."

"आणि मी?" हेस्टरने विचारले.

"तुला सध्या आत सोडते. हात धुतलेस का?"

तीन दिवस हेस्टरने त्या पाच वह्या मऊ उशांवर उघड्या ठेवून, पाने मिटू नयेत म्हणून त्यांवर शिशाच्या मण्यांच्या दोऱ्या टाकून, एकेक स्वर उतरवून घेतला. सहावा आवाज हाती लागेना. कुठेही धरावा, तर पुढे जाऊन तो दुसऱ्या एखाद्या आवाजाच्या पायात पाय घालीच.

नोव्हेंबरची तेविसावी तारीख, गुरुवार. दुपारचे चार वाजत आले होते आणि खिडक्या काळवंडल्या होत्या. हेस्टरने डोळे चोळून वर पाहिले. समोरच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. मांडीवर हात, पुढ्यात काही नाही. अंगात राखी लोकरीचा कोट तसाच. हेस्टरला पहिला राग आला तो ह्याच गोष्टीचा. आपल्याला थंडीत कुडकुडत बसवले आणि हिला कोट घालून आत सोडले!

बाई किंचित पुढे झुकली. आवाज हळू आणि अतिशय अदबशीर.

"माफ करा. तुमचं झालं की मला द्याल?"

हेस्टर क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिली. उभ्या आयुष्यात तिच्यामागे कुणी थांबलेले नव्हते. थांबायची ती हेस्टर. आणि आज एक परकी, सुसंस्कृत स्त्री हात जोडल्यासारखी बसून म्हणत होती, तुमचं झालं की मला. कोरड्या घशाला गरम चहा मिळावा तसे तिला वाटले.

"जरूर," ती म्हणाली. "अगदी जरूर. पण मला वेळ लागेल हं."

"लागू दे. मी थांबते."

हेस्टरचे त्या दिवसाचे काम खरे म्हणजे संपले होते. पण ती उठली नाही. बसू दे हिला, तिने मनात म्हटले, कळू दे थांबणे म्हणजे काय असते. उगाच एक पान उलटले, उगाच पेन्सिलीला टोक काढले. समोरची बाई हलली नाही. थोड्या वेळाने ती गुणगुणू लागली. तोंड मिटलेले, आवाज जेमतेम ऐकू येईल एवढा.

हेस्टरची पेन्सिल थांबली.

ते स्वर पाचांपैकी कुठल्याच वहीत नव्हते. आणि ते त्या पाचांमध्ये असे बसत होते, जसे कुलपात किल्ली बसते. हेस्टरने डोके खाली घातले आणि भराभर लिहायला सुरुवात केली. बाई गुणगुणत होती, हेस्टर लिहीत होती. कुणी सांगितले, कुठून आले, हे विचारायचे तिने टाळले. फिलिपाला हे सापडलेले नाही, एवढे तिला पुरे होते.

शेवटच्या ओळीपाशी गुणगुणणे थांबले.

"पुढे?" हेस्टरच्या तोंडून निघून गेले.

बाई सौम्य हसली. "पुढचं... तुमचं झालं की."

पाच वाजता हेस्टरने वह्या परत दिल्या.

"मिस प्रोबर्ट, समोरच्या बाईंना उद्या माझ्याआधी देऊ नका हं वह्या. त्या माझ्यानंतर आहेत."

मिस प्रोबर्टनी चष्मा काढला. "राखी कोट?"

"हो."

"मागितलं तिनं?"

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"जरूर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

मिस प्रोबर्टनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग म्हणाल्या, "जिन्यात पाटी होती पूर्वी, की या खोलीत कुणी काही मागितलं तर 'नाही' म्हणा, तोंडावर, उर्मटपणे म्हणा. पाद्रीबाबांना ती पाटी असभ्य वाटली. त्यांनी काढून टाकली."

"मला कळलं नाही."

"माझी आई इथे कामाला होती, तेव्हाची गोष्ट. ही बाई आठवड्याची परवानगी काढून आली होती. तिच्याआधी एक गृहस्थ त्याच वह्या घेऊन बसलेले. त्यांचं काम केव्हाच संपलं होतं गं. पण आपल्यामागून हिनं त्या बघाव्यात हे त्यांना सोसेना. रोज येऊन बसायचे, रिकामे. आणि ही समोर, कोटसुद्धा न काढता. आत्ता उठतील, मग उठतील. सगळा हिवाळा गेला असा. एका संध्याकाळी आई खोली बंद करायला गेली, तर ही बसलेलीच. थंडगार."

"वह्या कधी मिळाल्याच नाहीत तिला?"

"नाही. 'नाही' पहिल्याच वेळी म्हणावं लागतं, पोरी. एकदा 'जरूर' म्हटलंस, की ती तुझ्यामागे लागली. आता एवढंच कर. 'माझं झालं' हे शब्द तोंडातून काढू नकोस."

हेस्टरला आधी हसू आले. म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी! ती आपल्या मुक्कामी, मिसेस पग यांच्या घरी गेली. जेवायला भाजी घातलेले सूप होते, मागून सफरचंदाचे पुडिंग.

"अजून घालू गं कस्टर्ड?" मिसेस पगनी विचारले.

"नको नको. माझं झालं."

शब्द सवयीने निघून गेला. मिसेस पग पुढच्या खोलीत दूरदर्शनपुढे जाऊन बसल्या, हेस्टर जिना चढू लागली. अर्ध्या जिन्यात तिला ऐकू आले. खालच्या रिकाम्या स्वयंपाकघरात कुणीतरी वाडगा खरवडत होते. चमच्याने. हळूहळू, तळापर्यंत.

ती पळतच वर गेली. अंग शेकावे म्हणून टबभर गरम पाण्यात बसली, मन शांत झाले असे वाटताच बाहेर आली आणि न्हाणीघराचे दार मागे ओढून घेतले. या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तरी दाराआड पाणी डुचमळले. कुणीतरी जपून, आवाज होऊ नये अशा बेताने, टबात बसले.

आता तिला समजले. वह्या हे निमित्त होते. जे जे आपले वापरून झालेले असेल, ते ते हिला हवे होते. ताट. पाणी. मग अंथरूण. आणि मग...

ती दिवा न मालवता पलंगावर बसून राहिली. अंथरुणातून उठायचीही तिला भीती वाटत होती. दहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"हेस! झोपली होतीस का गं?" फिलिपाचा आवाज तापाने घोगरा, पण नेहमीसारखा आनंदी. "काही सापडलं?"

"थोडंफार."

"थोडंफार म्हणजे पुष्कळ! ओळखते मी तुला. इथे पडल्यापडल्या मला इतका हेवा वाटतोय ना तुझा!"

हेस्टरने ओठ आवळले. हेवा! किती सहज म्हणाली! जो असा हसत बोलून दाखवता येतो, तो कसला हेवा? हेस्टरचा हेवा आजवर घशाच्या वर आलेला नव्हता.

"सोमवारी मी येते," फिलिपा सांगत होती, "मग राहिलेलं दोघी मिळून पुरं करू. लायलनाही मी तसंच कळवलंय. दोघी मिळून."

दोघी मिळून. फिलिपा, आणि हो, हेस्टर.

त्याच वेळी पलंगाच्या पायथ्याशी राखी कोट दिसला.

बाईचे केस ओले होते. ती अंथरुणाकडे पाहत नव्हती. फोनकडेही नाही. ती हेस्टरकडे पाहत होती, चेहऱ्याकडे, गळ्याकडे, श्वासाने हलणाऱ्या छातीकडे... एखाद्या दुकानातील कापड न्याहाळावे तशी.

"तुमचं झालं की..."

हेस्टर भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकली.

"...मला."

आणि मग हेस्टर बोलली. त्या आवाजाची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटली, कारण तो जराही कापला नव्हता.

"माफ करा. माझ्यामागे आधीच एक जण आहे. फिलिपा सँडिस. तुमचा नंबर तिच्यामागे."

बाई एकदम ओशाळली. रांगेत नकळत पुढे घुसल्याचे कुणी दाखवून द्यावे तशी लाजेने लाल झाली.

"अगंबाई! माफ करा हं. मला ठाऊक नव्हतं."

ती वळली. दार अगदी हलकेच लागले.

"हेस? कुणाशी बोलतेयस?"

"मिसेस पगशी."

"बरं, जरा थांब हं. माझ्या दारावर कुणीतरी ठकठकतंय. विल्फ असतील, औषध घेतलंस का विचारायला."

पलंगाची करकर. अनवाणी पावले.

नाही म्हण. दोनच शब्द होते. हेस्टरच्या जिभेवर होते. नाही म्हण, फिलिपा, तोंडावर म्हण, उर्मटपणे म्हण... सोमवार. वह्या. दोघी मिळून.

तिने फोन कानाला घट्ट दाबून धरला. आणि गप्प राहिली.

दार उघडले. काही ऐकू आले नाही. मग फिलिपाचा आवाज, चांगल्या घरातला, गोड.

"हो हो, जरूर. माझं झालं की लगेच."

थोड्या वेळाने फिलिपा फोनवर परत आली. "कुणी बाई होत्या गं. नवीन भाडेकरू दिसतात. घरात कोट घालून फिरतात, बिचाऱ्या. काय मागत होत्या ते मला नीटसं कळलंसुद्धा नाही."

"मग तू... काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? 'जरूर' म्हटलं."

इथे गारसाइड थांबले. "त्या रात्री पुढच्या दाराला कडी मी स्वतः घातली होती," ते म्हणाले. "आणि नवीन भाडेकरू कुणीही नव्हतं."

कॅलमने जिन्याकडे पाहिले.

हेस्टरला त्या रात्री गाढ झोप लागली. पुढे तिला सर्वांत भयंकर वाटे ते हेच.

सहावा आवाज तिने लायलना नेऊन दिला. शेवटच्या ओळीखेरीज सारा पूर्ण. त्यांनी प्रथमच 'हेस्टर' हे नाव 'आणि हो' न लावता घेतले. फिलिपाने स्वतः केक भाजला. फक्त फिलिपा आता काहीशी विचित्र वागे. कपात घोटभर चहा ठेवूनच उठे. ताटात एखादा घास उरवी. "सवय लागलीय," ती म्हणे, "सगळं संपवलं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

सांगून टाकावे असे हेस्टरच्या मनात रोज येई. सावध राहा, 'झालं' म्हणू नकोस, एवढे तरी. सांगणारच होती. पण वसंतात फिलिपाने राहिलेली शेवटची ओळ शोधून काढली. गुणगुणणे ऐकून नव्हे. बुद्धीने, रात्रंदिवस बसून. ती इतकी सुंदर होती, की लायल सभेत उभे राहून म्हणाले, "हे गीत अखेर फिलिपाने पूर्ण केले." आणि जरा थांबून, "सुरुवात, हो, हेस्टरची."

हेस्टरने टाळ्या वाजवल्या. सांगायचे ते गिळून टाकले.

जूनमध्ये फिलिपाने प्रबंध सादर केला. संध्याकाळी सगळे जण नदीकाठच्या पबमध्ये जमले. कुणीतरी विचारले, "आता पुढे काय?" फिलिपाने हात वर करून आळस दिला. हेस्टर तिच्या समोरच बसली होती.

"पुढे काही नाही," फिलिपा हसत म्हणाली. "माझं झालं सगळं."

तिने पुढ्यातला ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि टेबलावर डोके टेकले. दमली असेल, असे सर्वांना वाटले. पहाटे रुग्णालयात तिचा प्राण गेला. डोक्यातली शीर फुटली, असे डॉक्टरांनी सांगितले.

तिची खोली गारसाइडांनी त्याच रात्री कुलूप लावून बंद केली होती. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. चौथ्या दिवशी फिलिपाच्या आईवडिलांसाठी सामान बांधायचे म्हणून ते हेस्टरला घेऊन वर गेले. मुलीची टिपणे आणि पुस्तके हेस्टरने ठेवून घ्यावीत, असा त्या आईवडिलांचाच आग्रह होता. जिना चढताना हेस्टरच्या डोळ्यांत पाणी होते. पण पाऊल, गारसाइडांच्या लक्षात आले, घाईचे होते.

कुलूप उघडले. खोलीतली हवा कोंदट नव्हती. अंथरूण विस्कटलेले. उशीवर खळगा. गारसाइडांनी त्यावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

ऊब होती.

"हेस्टर, आत ये."

ती उंबऱ्याशीच थांबली होती. एका बाजूला सरून, हात पुढे घेऊन, जशी माणसे आपला नंबर येईपर्यंत उभी राहतात.

"नको," ती हळूच म्हणाली. "थांबते मी. त्यांचं व्हायचंय अजून."

गारसाइडांनी खोलीभर नजर फिरवली. कुणीही नव्हते. कोपऱ्यातल्या बेसिनवर, पेल्यात, फिलिपाचा दात घासायचा ब्रश उभा होता. त्यांनी जवळ जाऊन त्याला बोट लावले.

ब्रश ओला होता.